माझ्या नावावरचा ट्रॅक्टर

बाईच्या नावानं अर्ज केला तर ट्रॅक्टरला अनुदान जास्त मिळतं, हे आमच्या ह्यांना रहिमतपूरच्या बाजारात कळलं. ओढ्याकडचं रान सासऱ्यांनी माझ्या नावावर केलं होतं, त्यामुळं अर्ज माझाच झाला. सोडतीत नंबर लागला, पूर्वसंमती आली. आधी पदरच्या पैशानं ट्रॅक्टर घ्यायचा, मग कृषी खात्याचे साहेब येऊन पाहणी करणार, त्यानंतर अनुदान खात्यात जमा होणार, असं सगळं होतं. ट्रॅक्टर दारात आला. हार मी घातला, किल्ली ह्यांनी खिशात टाकली.

हे फौजेतून निवृत्त झालेले. वस्तूवर ओरखडा पडलेला त्यांना खपत नाही. पाहणी होईपर्यंत ट्रॅक्टर रानात न्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि वर ताडपत्री टाकली.

पाहणी काही होईना. साहेब आज येतो म्हणायचे, मग उद्या. फोटोत लाभार्थी लागतो म्हणून मला घर सोडता येईना. रानात तण काढायला, भांगलणीला जायचं बंद झालं. मेढ्याला भाच्याचं बारसं होतं, तेही चुकलं. चांगली साडी नेसून मी दारातून चुलीकडं आणि चुलीकडून दारात फेऱ्या मारायची. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की हातातलं काम तसंच टाकून बाहेर. दोनदा दूध उतू गेलं.

शेवटी साहेब आले, भर दुपारी. ताडपत्री काढली.

"ताई, वर बसा. स्टेअरिंगला हात लावा," ते म्हणाले.

मी पहिल्यांदाच त्या सीटवर चढले. वरून शेजारचा ऊस, ओढा, पलीकडचा रस्ता, सगळं दिसत होतं. फोटो झाला. साहेबांनी सहज विचारलं, "चालवता का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "न्हाई साहेब, मीच चालवतो."

साहेब गेले. आता निवांत वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. कशात मन लागेना. कालवणात मीठ पडलं का नाही, ते आठवेना. दोन दिवस तसेच काढले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "आवं, मला ट्रॅक्टर शिकवता का?"

"कशाला? मी हाय की."

"रान माझं, ट्रॅक्टर माझा. फोटोबी माझाच."

ते हसले. मी हसले नाही. कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "शिकव की रं. तू तिकडं फौजेत हुतास, तवा बैलं हिनंच हाकली."

ते जेवून तसेच उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र किल्ली माझ्यासमोर ठेवली.

शिकवायची रीत त्यांची फौजेतलीच. "क्लच दाब. हळू सोड. हळू म्हनलं की." मी एकदम सोडला. ट्रॅक्टर उडी मारून बांधावरच्या बाभळीत घुसला. चाकावरच्या पत्र्याला लांब ओरखडा गेला. मी खाली उतरायला लागले. त्यांनी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "उतरू नगंस. मागचा गिअर टाक."

पुढं नांगरट मी केली. ह्यांच्याइतकी सरळ नव्हती, पण केली. त्याच सुमाराला अनुदान जमा झाल्याचा मेसेज आला. मी ह्यांना दाखवला.

"तुझ्याच खात्यात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

ती घालमेल मात्र काही गेली नाही. परवा शेजारच्या जाऊबाई दबक्या आवाजात विचारून गेल्या, "आमचा तुकडा नांगरून देशील का गं?" त्यांचं रान रस्त्यापलीकडं आहे, म्हणजे ट्रॅक्टर रस्त्यावर काढायचा तर लायसन काढायला साताऱ्याला जावं लागेल. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. जाऊबाईंना मात्र हो म्हणून बसले आहे.