घासलेल्या नऊ गोळ्या

फौजेतून सुटल्यापासून सिद्राम बेळगावात एका सोन्याच्या दुकानावर राखणीला आहे. कमरेला स्वतःच्या परवान्याचं रिव्हॉल्व्हर. अकरा वर्षांत दुकानात त्यातून एकदाही गोळी सुटली नाही. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याला एक भीती बसली. वेळ आली आणि नेम चुकला, तर बांगड्या बघत उभी असलेली एखादी बाई पडेल.

सराव हवा होता. विकतची गोळी महाग, आणि वर्षाला मिळायच्या त्याही ठरलेल्याच.

वडगावातला ज्योतिबा त्याच्याच पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचा.

“उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या ठेवल्यायस न्हवं? आण. दारू, शिसं भरून देतो. चहाच्या पैशात पडंल एकेक.”

“कायद्यात बसत न्हाय रं ते.”

“कायदा काय तुझ्या फडताळात बसलाय व्हय? तीनच देतो. उडवून बघ, मग ठरव परवडतंय का.”

सिद्रामनं तीन आणल्या. बुडावर पेनानं काळा ठिपका केला आणि विकतच्या सहांच्याच डब्यात ठेवल्या. पौर्णिमा झाली की उडवायच्या होत्या.

आदल्या दिवशी ड्यूटीला निघताना त्यानं डबा उघडला. नऊच्या नऊ गोळ्या झगझगत होत्या. ठिपका एकीवरही नव्हता.

“डब्याला कुणी हात लावला?”

त्याची बायको सुलाबाई पदराला हात पुसत आली. उद्या बुद्ध पौर्णिमा; चटईवर पितळी मूर्ती, समई, तांब्या, वाटीत चिंच.

“मीच की. बावीस वर्सं तुमचं बक्कल चमकवलं, ह्या गोळ्यांनी काय पाप केलतं? पाण्यात न्हाय बुडवल्या. फडक्यानंच घासल्या.”

तो खाली बसला. एकेक गोळी तळहातावर घेतली. सगळ्या सारख्याच जड, सारख्याच थंड. फौजेत सरावाच्या मैदानावर एकदा दारू कमी पडलेली गोळी नळीतच अडकली होती. उडवणाऱ्याला कळलं नाही. त्यानं पुन्हा चाप ओढला आणि नळी फुटली. त्यानंतरचा त्याचा हात सिद्रामला अजून दिसतो.

“काय झालं?” सुलाबाईचा आवाज उतरला.

“काय न्हाय. लई चमकल्यात.”

डबा पेटीत घालून त्यानं कुलूप लावलं, आणि रिकामं रिव्हॉल्व्हर कमरेला बांधून तो निघाला.

दुपारी एक माणूस हेल्मेट न काढताच आत शिरला. उजवा हात जॅकेटच्या आत. सिद्रामचा हात कमरेला गेला आणि तिथंच राहिला. माणसानं रुमालात बांधलेलं मंगळसूत्र बाहेर काढलं.

“तुटलंय. डाग देऊन जोडून मिळंल का?”

तो गेल्यावर सिद्रामनं रिव्हॉल्व्हरचा पट्टा सोडून शेठच्या पुढ्यात ठेवला.

“शेठ, हे रिकामं हाय. भरायला भरवशाची एकबी गोळी न्हाय.”

शेठनं दाराकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “कधीपासनं?”

“सकाळपासनं.”

शेठनं शटर अर्धं ओढायला सांगितलं. सिद्राम शटरपाशी वाकला तेवढ्यात ज्योतिबाचा फोन आला.

“काय मग, परवडतंय का?”

“ज्योतिबा, तू भरलेल्या तुला ओळखता येतील?”

“पुंगळ्या एकाच कंपनीच्या, कसं ओळखू? तू ठिपका केलायस न्हवं?”

“केलता. घासताना पुसला.”

“सिद्राम,” ज्योतिबा हळू बोलला, “एकबी उडवू नको. एकबी घरात ठेवू नको रं.”