सगळे ग्राहक गुडगावात

नव्या कार्पेटच्या गोंदाचा वास आला की मला गुडगावातलं ते कुरिअर कंपनीचं ऑफिस आठवतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझं प्रोबेशन संपायला आठवडा उरला होता. डेटाबेसमधल्या हजारो नोंदी एका फटक्यात बदलणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे प्रोसिजर, लिहायला मी दिल्लीतल्या आर. के. पुरमहून येणाऱ्या एका मराठी सीनियरकडून शिकत होते. त्या दुपारी नव्या सेक्टरमधल्या ग्राहकांच्या पत्त्यात शहर म्हणून गुडगाव भरायचं होतं. मी प्रोसिजर चालवून यादी काढली, तर कानपूरचा, कोचीचा, प्रत्येक ग्राहक गुडगावचा झाला होता. सेक्टरची अट लिहायचीच राहिली होती. सेव्ह न करता बाहेर पडलं की बदल पुसले जातील, असं समजून मी ‘एक्झिट’ टाइप केलं. एंटर दाबणार तोच सीनियरनं माझं मनगट धरलं. "अगं, बाहेर पडू नकोस! पडलीस की सगळं आपोआप सेव्ह होतं." तिनं तो शब्द खोडायला लावला आणि ‘रोलबॅक’ लिहायला सांगितलं. पुन्हा यादी काढली, तेव्हा कानपूरवाले कानपुरात होते. "चलो, सगळे घरी पोचले," ती म्हणाली. "इतकी माणसं इथं आणलीस यार, इथं आधीच पाण्याचा टँकर मागवावा लागतो, त्यांना पाणी कुठून दिलं असतंस?" तेवढ्यात साहेबांनी दारातून विचारलं, "हो गया?" "बस, एक कंडिशन बाकी है, सर," तिनं शांतपणे सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी कायम झाले. ती हे कधी कुणाला बोलली नाही. मीही आज पहिल्यांदाच सांगते आहे.