कडू बिअरसाठी तीन प्रतींत अर्ज

इंदिराबाईंनी दूध चुलीवर चढवलं, तुरीचं वरण उतू जाऊ नये म्हणून त्यात पळी टाकून ठेवली आणि न्हाणीजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं ओल्या वाळूत, ओलं पोतं गुंडाळून, त्यांची लोणच्याची मोठी बरणी बसली होती. आणि बरणीला कान लावून त्यांचे यजमान बंडोपंत बसले होते.

"काय म्हणते?" इंदिराबाईंनी विचारलं.

"बुडबुडते आहे. पण कालच्यापेक्षा कमी."

"तीस वर्षांत माझं बोलणं कधी इतकं कान लावून ऐकलं नाही हो तुम्ही."

बंडोपंत काही उत्तर देणार, तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात आबकारी खात्याचा जमादार प्रेमदास उभा होता. खाकी कपडे, हातात कागद, आणि मागे शेजारचे किराणा दुकानदार भैय्याजी. त्यांना दुकानातून उठवून पंच म्हणून आणलेलं, त्यामुळे त्यांच्या कानावर पेन्सिल तशीच राहिली होती.

"बंडोपंत तुमीच काय जी?" प्रेमदासनं विचारलं. "दारू तुमीच बनवून राह्यले?"

"हो," बंडोपंत म्हणाले. "या, बसा. माझ्या अर्जाचं उत्तर आणलंत ना?"

आता हा माणूस समजायला थोडं मागं जावं लागेल. बंडोपंतांना साध्या सुपारीचंही व्यसन नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात चार वर्षं ते एका लष्करी कँटीनच्या कोठारावर कारकून होते. गोऱ्या सोल्जरांसाठी आलेल्या बिअरच्या पेट्या त्यांच्या सहीनं आत यायच्या, त्यांच्याच सहीनं बाहेर जायच्या. त्यातल्या एका कडू बिअरचं नाव होतं 'इंडिया पेल एल'. पूर्वी ती विलायतेहून जहाजानं इकडे यायची आणि वाटेत नासू नये म्हणून मुद्दाम जास्त कडू करत, असं कँटीनचा गोरा साहेब सांगायचा. लढाई संपून मायदेशी जाताना त्यानं विचारलं, "बंडोपंत, चार वर्षं सांभाळलीत, पण लागते कशी, माहीत आहे?"

"नाही, साहेब," असं खरं उत्तर देऊन बंडोपंत घरी आले. पण तो प्रश्न काही घरी येऊन निजला नाही. आपल्या देशाचं नाव लावलेली वस्तू आपल्या हाताखालून गेली आणि आपल्याला तिची चव ठाऊक नाही, हे त्यांना पुढं दहा वर्षं खुपत राहिलं.

मग पुतण्या श्रीनिवास शिकायला विलायतेला गेला. काकांची ही खोड त्याला माहीत होती. त्यानं बोटीनं एक पार्सल पाठवलं. त्यात काकवीसारख्या दाट माल्टचा डबा, कडूपणासाठी घालायची वाळलेली हिरवट फुलं, खमिराची पुडी आणि कृतीचं लांबलचक पत्र होतं.

दुसरा कोणी असता तर गुपचूप चूल पेटवून मोकळा झाला असता. पण स्वतःच्या लग्नात रजा अर्धा दिवस वाढली तिचा लेखी खुलासा देणारे हे गृहस्थ! जिल्ह्यात दारूबंदी. तेव्हा त्यांनी आबकारी कचेरीला तीन प्रतींत अर्ज केला. 'सहा बाटल्या, एकदाच, केवळ चव पाहण्याकरिता.' दोन महिने उत्तर नाही. स्मरणपत्र धाडलं, त्यालाही नाही. चैत्र तापू लागला. उन्हाळ्यात खमीर मरतं, असं श्रीनिवासनं लिहिलेलं. शेवटी त्यांनी फुलं आणि माल्ट तासभर उकळलं, गार करून खमीर घातलं, बरणीला फडकं बांधलं आणि त्याच दिवशी कचेरीला तिसरं पत्र टाकलं. 'उत्तराच्या अपेक्षेत सुरुवात केली आहे. कळावे.'

हे पत्र मात्र कचेरीनं लगेच वाचलं.

"बारा वर्सं झाली मले या नोकरीत," प्रेमदास कपाळाला हात लावून म्हणाला. "लोकं मडके नदीच्या रेतीत पुरते, कडब्यात लपवते. मी हुंगत हुंगत जातो. आन् तुमी त अर्जाले घराचा नकाशा जोडला! बरणीच्या जागी फुली मारली! काऊन जी?"

"तपासणीला सोपं पडावं म्हणून."

"मी समजलो वहिनीले ताप आला," भैय्याजी म्हणाले. "कडू वास आला त वाटलं, काढा उकळून राह्यले."

प्रेमदासनं हुकूम वाचला. अर्ज नामंजूर. तयार माल पंचांसमोर ओतून टाकावा. "खटला नाई भरत म्हनाले आमचे साहेब. असा मानूस कोर्टात उभा केला त आपलीच फजिती."

इंदिराबाईंनी तिघांना चहा दिला. कैऱ्या बाजारात यायला लागल्या होत्या आणि बरणीसाठी त्या आठ दिवस नवऱ्याच्या मागं लागल्या होत्या. आता ती सुटणार, तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण बंडोपंतांनी चहाला हातही लावला नव्हता.

"जमादार," त्या म्हणाल्या, "पेलाभर राहिलं तर कोणाला कळणार आहे?"

"बाई, पेलाभर राह्यलं त माह्या नोकरीवर येते."

"नको, इंदिरा," बंडोपंत म्हणाले. "हुकूम म्हणजे हुकूम."

त्यांनी स्वतःच पोतं सोडलं. त्यांनी आणि प्रेमदासनं मिळून बरणी परसात पपईच्या झाडापाशी नेली. फडकं काढल्यावर वर पांढरा फेस दिसला, श्रीनिवासनं पत्रात लिहिला होता अगदी तसा. प्रेमदासनं बरणी कलती करायला हात घातला.

"थांबा," बंडोपंत म्हणाले. त्यांनी हुकूम पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. "मला प्यायची मनाई आहे, ती मी पाळतो. पण माल खरोखर दारू आहे की नाही, हे चाखून ठरवायचा अधिकार तुम्हाला आहे. प्रेमदासजी, तुम्ही एक घोट घ्या, आणि कशी लागते तेवढं मला सांगा."