रस्त्यात कोणी पडलंय का

सिंदेवाहीहून मी शिकवतो ती शाळा चौदा किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता जंगलातला. त्या वर्षी मोटरसायकल खड्ड्यात आदळली की वाटायचं, आपण कोणाला तरी उडवलं. आरशात रस्ता मोकळा दिसे, तरी छाती धडधडायची. मग मागे वळून झुडपांत वाकून पाहायचो. कोणी नसायचं. पुढे निघालो की पुन्हा तेच. नीट पाहिलं नसेल तर?

एका संध्याकाळी पाचव्यांदा मागे फिरलो, तेव्हा फॉरेस्ट गार्डनं अडवलं. "सर, इथी काय शोधून राह्यले? सकाळीच वाघानं बैल मारला इथी."

मी विचारलं, "कोणी पडलेलं दिसलं का तुमाले?"

त्यानं माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली. मग मला घरी आणून सोडलं आणि बायकोला सगळं सांगितलं.

तिनं मला चंद्रपूरला मानसोपचाराच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा ओसीडी आहे, एकच शंका पुन्हा पुन्हा येऊन तपासत राहायला लावणारा आजार. गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानात कळलं, गोळी डिप्रेशनची. मी तसाच परत गेलो.

"मी उदास नाही, मॅडम. मले भीती वाटते."

"तीच गोळी याच्यावरही चालते. डोस हळूहळू वाढवावा लागतो, गुण यायला दोन-तीन महिने लागतात. सुरुवातीला घाबरल्यासारखं जास्त होईल. मनानं बंद करू नका, आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर लगेच फोन करा."

चार दिवस गोळी नुसती हातात धरून बसलो. गोळीनं मन बधिर झालं, खरंच कोणाला उडवलं आणि मागे वळावंसंही वाटलं नाही तर? बायको म्हणाली, "घेऊन तं पाहा. मी आहो ना."

पहिले दोन आठवडे हात कापायचे, मळमळायचं. ती रोज मागे बसून शाळेपर्यंत यायची. खड्डा आला की मी विचारायचो, "लागलं का कोणाले?" ती गप्प. उत्तर देऊ नका, दर वेळी धीर दिला की शंका वाढतच जाते, असं डॉक्टर बाईंनीच तिला बजावलं होतं. त्या गप्प राहण्यानं मला घाम फुटायचा.

डोस दोनदा वाढला. तिसऱ्या महिन्यात एकदा शाळेच्या फाटकाशी गाडी लावली आणि लक्षात आलं, आज एकदाही वळलो नव्हतो. विचार आला होता, पण गाडी चालवत राहिलो होतो.

गेल्या महिन्यात डॉक्टर बाई डोस कमी करण्याबद्दल बोलल्या. वाटलं, पुन्हा मागे वळायला लागलो तर? म्हटलं, "अजून थोडे दिवस राहू द्या." त्या म्हणाल्या, "राहू द्या. घाई नाही."