माझ्या पायरीवरच्या चपला

अणदूरला आमच्या गल्लीत कुणाकडं कोण आलंय, हे विचारावं लागत नाही. पायरीकडं बघायचं. चपला बाहेर, माणसं आत. समोरच्या बाईच्या पायरीवर दुपारी आठ-आठ जोड, आणि माझ्या पायरीवर माझा एकटा. लई जळायचे मी. खोटं कशाला सांगू?

ती सोलापूरहून येऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती. बोलायला गोड, चहात आलं घालणार. बायका शेंगा फोडायला तिच्याकडं जमायच्या. बाकीच्या गेल्या तर जाऊ द्या, माझं काय जातंय! पण त्या जोडांत एक तपकिरी जोड होता, अंगठ्याला हिरव्या दोऱ्यानं शिवलेला. तो माझ्या मैत्रिणीचा. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. तिचं पहिलं बाळंतपण मी केलं. आणि आता ती माझ्या दारावरून पुढं जाऊन तिथं चपला काढायची! दाराच्या फटीतून बघताना अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस डोकंच फिरलं. माळ्यावरचं पोतं काढलं. पोरांचे शाळेतले बूट, सुनेच्या जुन्या सँडल, मालकांच्या टाचा झिजलेल्या वहाणा, सगळं पुसून पायरीवर मांडलं. नीट नाही हं, घाईत काढल्यासारखं इकडं-तिकडं. सहा जोड. दार लावलं, टीव्हीचा आवाज वाढवला आणि एकटीच शेंगा फोडत बसले. म्हटलं, जळू दे आता तिला. बाहेर डोकावायचंसुद्धा नाही, ठरवलंच होतं.

संध्याकाळी पायरी आवरली, तर समोरची वाटीत पेढे घेऊन हजर. "घ्या वैनी. तुमच्या मैत्रिणीच्या धाकटीचं लग्न ठरलं. तुम्हाला ठाऊकच असेल म्हणा."

मला कुठलं ठाऊक! हसून वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली, तशी तिला दारातच धरली. "व्हय गं, तिला आधी आणि मला मागनं?"

"अगं, मुलाकडच्यांचा होकार आला तशी पैलं तुझ्याकडंच पळत आले. बघते तर पायरीवर ह्या एवढ्या चपला! आत गलका. म्हटलं पाव्हणे बसलेत, त्यांच्यादेखत कसं सांगावं? लई येळ उभी हुते खाली. मग पोटात मावंना, तशी समोर गेले."

मी पायरीवरचा माझा एकटा जोड उगाच पायानं सरळ केला.

"कोण आलं हुतं गं एवढं?"

"माहेरचे," मी म्हणाले.

माझ्या माहेरी आता कुणीच उरलेलं नाही. आई गेली तेव्हा माझ्याबरोबर तीच आली होती, तेरा दिवस राहिली होती. तिनं माझ्याकडं एकवार बघितलं आणि "बरं" म्हणाली.