बरकतपुऱ्यातली नकारघंटा

अख्ख्या हैदराबादेत तोंडावर ‘नाही’ म्हणू शकणारी एकच व्यक्ती होऊन गेली, आणि ती माझ्या बायकोची मावशी होती. ज्याला हे पटत नसेल त्यानं खुशाल वाद घालावा, मी तसूभरही मागे सरणार नाही. या शहरात नकार देणं म्हणजे पाहुण्याला चहा न विचारण्याइतकं वाईट. शिंपी ‘परसों’ म्हणतो, कचेरीतला कारकून ‘देखेंगे साब’ म्हणतो, आणि घरमालक ‘हौ हौ’ करत वर्षभर नळ दुरुस्त करत नाही. मावशी मात्र सरळ ‘नाही’ म्हणायची आणि वर कारणही द्यायची नाही. बरकतपुऱ्यात त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं, तरी लग्नकार्यात लोक तिच्याशेजारी बसायला जरा बिचकायचेच.

मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले, त्या सुमाराची गोष्ट. मावशीनं टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तिच्या बरोबरीच्या बायकांपैकी कुणी त्या पैशात फ्लॅट घेतला, कुणी चारधाम केलं. हिनं जन्माची पुंजी घातली ती बिनतारी इंटरनेटच्या धंद्यात. स्वतःच्या गच्चीवर उंच खांब, तिथून अंबरपेठ आणि तारनाक्याच्या गच्च्यांवर छोट्या अँटेना, आणि त्यांच्यातून घरोघरी इंटरनेट. तेव्हा असे धंदे गल्लोगल्ली निघाले होते आणि बहुतेकांच्या यंत्रांवर कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असायचा. मावशीला याचा भयंकर संताप यायचा. ‘दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगायची? मग कुलूप तरी कायकू?’ तिनं प्रत्येक यंत्राला वेगळा, अक्षरं-आकड्यांचा लांबलचक पासवर्ड दिला आणि सगळे तोंडपाठ केले. एक्स्चेंजमध्ये नंबर पाठ करण्यात हयात गेली होती तिची, तिला त्यात विशेष काही वाटत नसे.

स्वयंपाकघरातलं सोवळं तिनं केव्हाच गुंडाळून ठेवलं होतं. ते सगळं आता एका लॅपटॉपच्या वाट्याला आलं. यंत्रांची कामं फक्त त्याच लॅपटॉपवरून व्हायची. त्यावर गाणी नाहीत, फोटो नाहीत, ईमेल नाही. सोवळ्याच्या जुन्या रेशमी कदात गुंडाळून तो कपाटात ठेवलेला असायचा. अँटेना बसवणारा फिटर आपला लॅपटॉप घेऊन आला, तर त्याला गच्चीच्या दाराशीच अडवायची. एकदा मी हौसेनं लग्नाचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह काढला आणि त्या लॅपटॉपकडे हात केला. मावशीनं माझं मनगटच धरलं. ‘जावई तुम्ही. तुमचा पेनड्राइव्ह माझा कोणी लागत नाही.’ पुढ्यात गरम पुरणपोळी वाढली, पण फोटो काही पाहिले नाहीत.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी दुसऱ्या टोकाचे. निवृत्त वकील, शिक्षण उर्दूत झालेलं, रस्त्यानं जाताना कुत्र्यालाही ‘जरा बाजूला होता का’ म्हणणारे. मावशीला अचानक काही झालं तर निदान एकाला ठाऊक असावा, म्हणून मुख्य यंत्राचा पासवर्ड तिनं काकांना सांगून ठेवला होता. एका दुपारी ती बाजारात गेलेली असताना फोन आला. ‘किब्ला वकीलसाब, आपको जहमत दे रहा हूँ, माफी चाहता हूँ. मॅडमच बोले थे, आपसे पूछ लेना.’ काका विरघळले. पासवर्ड दिला, वर तब्येतीची चौकशीही केली. तासाभरात सगळ्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर वजन कमी करण्याची जाहिरात दिसू लागली, दुसरं काही उघडेचना. ‘इतक्या अदबीनं विचारलं गं त्यानं,’ काका मावशीला म्हणाले, ‘नाही कसं म्हणायचं?’

काकांना बोलून उपयोग नव्हता आणि वेळही नव्हता. एका मोठ्या केबलवाल्याची माणसं गल्लीत फिरायला लागली होती, आणि गिऱ्हाइकं गेली असती तर म्हातारपणाची सगळी बेगमी बुडाली असती. पासवर्ड गेला होता एकाच यंत्राचा, पण एक भांडं ओवळं झालं की तिच्या लेखी सगळीच ओवळी. साठीला टेकलेली बाई एकेका गच्चीवर चढली, केसांतला आकडा काढून यंत्राच्या भोकात दाबला, यंत्र कोरं केलं आणि नवा पासवर्ड घातला. केबलवाल्याचा माणूस फाटकाशी येऊन म्हणाला, ‘मॅडम, क्यों तकलीफ उठाते, ये धंदा हमको दे दो.’ ‘नक्को,’ मावशी म्हणाली आणि जिना चढू लागली.

सगळं चालू झाल्यावर तिनं गिऱ्हाइकांना आपल्या गच्चीवर बोलावलं. ‘पासवर्ड माझ्या घरातून गेला. चूक माझी. ज्याला सोडायचंय त्यानं सोडावं.’ तारनाक्याच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, ‘पण दिला कुणी?’ काका पाण्याच्या टाकीशी मान खाली घालून उभे होते. ‘ते सांगणार नाही,’ मावशी म्हणाली. न सांगता सगळ्यांना कळलंच. मी हळूच तिच्याजवळ जाऊन म्हटलं, ‘मावशी, या वेळी पासवर्ड काकांना सांगू नका.’ तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला पेनड्राइव्हची दुपार बरी वाटली. ‘त्यांना नाही सांगितला, तर उद्या अख्खा बरकतपुरा म्हणेल, वकीलसाहेबांवर बायकोचाच भरवसा नाही. ते फसले, जावईबापू. चोर बाहेरचा आहे.’ आणि सगळ्यांच्या देखत ती टाकीपाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली, आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तसा नवा पासवर्ड काकांच्या कानात सांगितला. काकांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. मी तिथे ‘हे शहाणपणाचं नाही’ म्हणू शकलो असतो. पण म्हटलं नाही, आणि आजही कुणी मला ते म्हणून दाखवू नये. चार-दोन घरं गेली, बाकीची राहिली, आणि तो पासवर्ड पुन्हा कधी घराबाहेर पडला नाही.

पुढे मोठ्या कंपन्यांच्या तारा आल्या तेव्हा मावशीनं धंदा आपल्या हातानं बंद केला. यंत्रं भंगारात गेली, खांब उतरला. आता मावशीही नाही. काका तेवढे आहेत. संध्याकाळी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात आणि त्यांचे ओठ हलत असतात. बायको म्हणते, काका रामनाम घेतात. मी अगदी शेजारी बसतो, तेव्हा थोडंफार ऐकू येतं. त्यात आकडे असतात. मी बायकोला काही सांगितलेलं नाही.