बंदूककाकांची नवी नळी

बंदूककाकांच्या घरी बेसमेंटमध्ये कोळी निघाला तर काका एक रिकामा ग्लास आणि पोस्टकार्ड घेऊन त्याच्यामागे फिरायचे. त्याला अलगद पकडून मागच्या अंगणात सोडायचे. ते जमायच्या आत बऱ्याचदा काकूंची चप्पल पडलेली असायची. "एवढी मोठी बंदूक बाळगता आणि कोळ्याला घाबरता!" काकू म्हणायच्या. "घाबरत नाही, मारत नाही," काका शांतपणे सांगायचे. त्यांच्या बंदुकीनं जन्मात कागदाखेरीज कशालाही भोक पाडलं नव्हतं, आणि याचा त्यांना नेमबाजीपेक्षा जास्त अभिमान होता.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात मी नागपूरहून नोकरीला आले ती दोन हजार तीन साली. काकू माझ्या आईची शाळेतली मैत्रीण, म्हणून माझे शनिवार-रविवार त्यांच्याकडेच जायचे. काका मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत धातूतज्ज्ञ होते. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी पहिल्यांदा नेम धरला आणि तो नाद इथवर बरोबर आणला. मराठी मंडळातली पोरं त्यांना बंदूककाका म्हणायची. मोठी माणसं तोंडावर हसायची आणि मागे कुजबुजायची.

कुजबुज दोन हजार एकच्या न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर वाढली होती. काकांच्या सावळ्या रंगाकडे आणि दाढीकडे बघून नेमबाजीच्या रेंजवरचा एक जुना ओळखीचा माणूस आपलं सामान उचलून पलीकडच्या टेबलावर गेला होता. मंडळातल्या मित्रांनी त्यांना घरी येऊन समजावलं, "विकून टाका यार, उगाच कशाला?" काकांनी दाढी काढली नाही आणि बंदूकही विकली नाही. "लपवलं की संशय येतो," ते म्हणायचे. दर रविवारी सकाळी शेजारी गवत कापायला बाहेर आला की मगच ते बंदुकीची पेटी गाडीच्या डिकीत ठेवायचे, आणि त्याला हात करून निघायचे.

बरोबर नील असायचा, त्यांचा एकुलता एक मुलगा. तो कॉलेजात होता. त्याला मराठी समजायचं, पण उत्तर तो बहुतेक वेळा इंग्रजीत द्यायचा. बापलेकांचं घरात फारसं बोलणं नसे. जे काय असेल ते रेंजच्या वाटेवर. दहाव्या वर्षापासून काकांनी त्याला शिकवलं होतं. पहिलं वर्षभर तर नुसता श्वास सोडायला शिकवलं, असं नील सांगायचा.

मी आले त्या हिवाळ्यात काकांच्या बंदुकीची नळी झिजली. नेम लागेना. नवी नळी करून घ्यायची ठरली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवडेच्या आठवडे तीच चर्चा. बाजारातली तयार नळी काकांना नको होती. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे आटे असतात, त्यांचा पीळ किती घट्ट, यावर बापलेकांचं जुंपायचं. "आधी गोळी कुठली ते ठरव. जड, लांब गोळीला घट्ट पीळ लागतो," काका म्हणायचे. नील लांबीवर अडायचा, वजनावर अडायचा. पोलाद मात्र काकांनी निवडलं. तिथे ते कुणाचं ऐकत नसत. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "लग्नाला मुलगी बघताना तुम्ही एवढा विचार केला नव्हतात." काका म्हणाले, "केला असता तर मला वेळ लागला असता, आणि तू दुसरीकडे गेली असतीस." काकू कितीतरी वेळ हसत होत्या. त्या घरातलं ते हसू मला अजून ऐकू येतं, कारण त्यानंतर फार दिवस तिथे कुणी हसलं नाही.

चांगले कारागीर नळी मागणीनंतर बनवायला घेतात. महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. त्या वाट पाहण्याच्या काळात, मार्चमधल्या एका दुपारी, नील जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "आय साइन्ड अप. आर्मी."

काकूंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या म्हणाल्या, "कॅन्सल कर. उद्या जाऊन कॅन्सल कर."

"आई, ते तसं नसतं."

"का पण? काय कमी होतं तुला?"

नीलनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "सगळे विचारतात तू कुठला. मला एकदा उत्तर द्यायचं होतं." आणि वडिलांना बरं वाटावं म्हणून की काय, "रिक्रूटर म्हणाला, आय शूट बेटर दॅन एनीवन ही हॅज सीन."

काकूंनी नीलकडे पाहिलंच नाही. त्या काकांकडे वळल्या. "तुम्ही शिकवलंत," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्या दिवसापासून त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं माझ्यामार्फत व्हायला लागलं. "अनघा, काकांना विचार, चहा घेणार का." काका समोरच बसलेले असत.

नळी आली तेव्हा नील ट्रेनिंगला जाऊन बसला होता. वॉल्ट नावाच्या म्हाताऱ्या बंदूक-कारागिरानं ती बंदुकीवर चढवून दिली. नवी नळी रुळवावी लागते: एक गोळी झाडायची, नळी साफ करायची, पुन्हा एक गोळी, पुन्हा साफ. आतला खरखरीतपणा त्यानं हळूहळू जातो, असं काका मानायचे. वॉल्ट म्हणायचा की यात निम्मी श्रद्धा आहे. काकांनी पेटी डिकीत ठेवायला घेतली तेव्हा काकू मला हळूच म्हणाल्या, "तू जा बरोबर. एकटं नको जाऊ देऊस." इतक्या रागातही एवढं त्यांनी म्हटलं.

"तुझ्या व्हिसावर बंदुकीला हात लावायचा नाही. लांब बसून बघायचं," काकांनी मला आधीच बजावलं. मी कानांवर जाड मफ चढवून मागच्या बाकावर बसले. थंडी होती. काका एक गोळी झाडत, मग मागच्या बाजूनं गज घालून नळी पुसत. फडक्याचा चौकोनी तुकडा बाहेर आला की त्यावर निळसर डाग असे. गोळीचं तांबं आत चिकटतं, त्याचा. काका तो उजेडात धरून मला दाखवत. दुपारपर्यंत निळा रंग फिका होत गेला. मग त्यांनी सलग तीन गोळ्या झाडल्या आणि कागद घेऊन आले. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून होती. इतकी सुंदर नळी त्यांना पूर्वी कधी मिळाली नव्हती, हे त्यांच्या हातांवरूनच कळत होतं.

मी म्हटलं, "काका, केवढं मस्त!"

ते कागदाकडे बघत राहिले. "नीलसमोर कागद नसणार गं," म्हणाले.

नील इराकला गेला. त्याचा फोन आला की काकू आधी घ्यायच्या, मग रिसीव्हर टेबलावर ठेवून आत जायच्या. काका तो उचलायचे. "हाऊ इज द बॅरल, बाबा?" नील विचारायचा, आणि काका सांगायचे, "तुझी वाट बघतेय." दुसरं काही दोघांनाही सुचत नसे. काकांनी बंदूक बेसमेंटमधल्या लोखंडी कपाटात ठेवली. महिन्यातून एकदा काढून तेलपाणी करायचे, पण रेंजवर गेले नाहीत.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात नील कायमचा परत आला. हातपाय धड होते. मंडळानं गणपतीत त्याला शाल द्यायचं ठरवलं. तो दारातूनच परत फिरला. रात्र रात्र जागायचा, दिवसा खिडकीचे पडदे ओढून बसायचा. सगळे म्हणत, वेळ जाऊ दे. काकाही म्हणत. रेंजवर चल, असं मात्र त्यांनी त्याला एकदाही म्हटलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. नील खाली आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबा, कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे." मग अगदी हळू, "आय डोन्ट वॉन्ट टू नो."

काकूंच्या हातातला डाव खाली पडला. काकांनी काहीच विचारलं नाही. का, कधीपासून, काहीही नाही. ताट तसंच ठेवून ते खाली गेले, बंदुकीची पेटी आणि गोळ्यांचे डबे वर आणले आणि गाडीत ठेवले. काकूंनी नीलचा हात घट्ट धरून ठेवला होता. मला म्हणाल्या, "जा त्यांच्याबरोबर."

दुकानात वॉल्टनं पेटी उघडली. "नळीत काही बिघाड?"

"नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नळी आहे."

"मग?"

"माझा मुलगा घरी आलाय," काका म्हणाले.

वॉल्टनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पेटी बंद केली. परत कधी नेणार, हे त्यानं विचारलं नाही. पुढे काकांनी वॉल्टला सांगून ती बंदूक रेंजच्या क्लबला देऊन टाकली.

येताना काकांनी एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवली. मला वाटलं, काही घ्यायचं असेल. ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडत होते. "सांगितलं गं त्यानं, अनघा. सांगितलं. न सांगता राहिला असता तर?"

घरी पोचलो तेव्हा नील सोफ्यावर बसला होता आणि काकू त्याच्याजवळ. त्या उठल्या, पोहे पुन्हा गरम केले आणि काकांपुढे ताट ठेवून म्हणाल्या, "खाऊन घ्या. काही खाल्लं नाहीत तुम्ही." मधे मी नव्हते.

सगळं एका दिवसात सुधारलं असं नाही. निवृत्त सैनिकांच्या इस्पितळात काका त्याला दर आठवड्याला घेऊन जायचे आणि बाहेरच्या खुर्चीवर बसून राहायचे. काही आठवडे नील गाडीतून उतरायचाच नाही. मग काकाही गाडीत बसून राहायचे. कॉलेज सुटलं ते सुटलंच. पण त्यानं काकांना एकदाही खोटं सांगितलं नाही, आणि काकांनी कधी त्याला बरा हो म्हणून घाई केली नाही. एखाद्याचं दुःख न चिवडता त्याच्याजवळ बसता येतं, हे मी त्या माणसाकडून शिकले.

दोन हजार आठच्या शेवटी माझी नोकरी गेली आणि मी नागपूरला परतायचं ठरवलं. निरोप घ्यायला गेले ती रविवारची सकाळ होती. काका एकटेच खाली बसले होते. मी विचारलं, "काका, आठवण येते का हो रेंजची?"

"येते ना. याच वेळेला फार येते." त्यांनी ओठांवर बोट ठेवून जिन्याकडे मान वळवली. वरच्या खोलीतून नीलच्या घोरण्याचा आवाज येत होता. काका थोडा वेळ ऐकत राहिले, मग चहा टाकायला पाय न वाजवता उठले.